धोरण मंजूर झालं, आता ग्रुप बंद करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या एका पालिकेत दिव्यांग मुलांच्या पालकांचा एक ग्रुप दोन वर्षं मागे लागला होता, सगळ्या वॉर्ड ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत रॅम्प पाहिजे, धरायला कठडे पाहिजेत, व्हीलचेअर आत जाईल असं टॉयलेट पाहिजे म्हणून. मागच्या महिन्यात पालिकेनं सुगम्यता धोरण मंजूर केलं. पेढे वाटले, फोटो आले, आणि आता ग्रुपमधले निम्मे लोक म्हणतायत काम झालं, बाकीच्यांना वाटतंय अजून मागे लागायला पाहिजे पण कुणाकडे जायचं, काय मागायचं ते कळत नाहीये. ग्रुपमधल्याच एका ताईंनी सरळ विचारलंय की मंजुरीनंतरचं लॉबिंग म्हणजे नक्की करायचं काय, आणि सगळं दिल्यावर परत तगादा लावणं बरं दिसतं का.

ताई, आधी तुमच्या सगळ्या ग्रुपचं मनापासून अभिनंदन. पंधरा वर्षांच्या मुलाला पाठीवर घेऊन पालिकेच्या पायऱ्या चढायच्या आणि वर जाऊन परत मीटिंगमध्ये शांतपणे बोलायचं, हे काय असतं ते मी जवळून बघितलंय. मी ठाण्यात राहते, २२ वर्षं हेच काम करतेय, आधी कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर, मग फेरीवाल्यांबरोबर, गेली ९-१० वर्षं दिव्यांगांच्या हक्कांवर. आणि या सगळ्यात एक गोष्ट इतक्या वेळा बघितलीय की मंजुरीची बातमी आली की आनंदाबरोबर पोटात गोळाच येतो. मंजूर झालेलं धोरण सहसा कुणी रद्द करत नाही हो, ते पातळ करतात, आमटीत पाणी घालावं तसं, थोडं आज थोडं उद्या, आणि पाणी घालणाऱ्या प्रत्येकाकडे पटेल असं कारण असतं. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकते, ग्रुप बंद करू नका, पुढची दोन वर्षं मागच्या दोन वर्षांपेक्षा जास्त कामाची आहेत.

पहिली गोष्ट, मंजूर काय झालंय ते हातात घ्या. पेपरातली बातमी नको, साहेबांच्या भाषणाचा व्हिडिओ नको, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत पाहिजे, ठराव क्रमांक आणि तारखेसकट, आणि सोबत मूळ प्रस्तावाचा गोषवारा. हे सचिव विभागातून मिळतं. ठराव आणि गोषवारा शेजारी शेजारी ठेवून वाचा, कारण सभेत कुणीतरी उपसूचना, म्हणजे प्रस्तावात बदल, मांडलेली असते आणि ठरावात फक्त 'उपसूचनेसह मंजूर' एवढंच येतं, आणि उपसूचनेत कधीकधी अख्खं धोरण फिरवलेलं असतं. पुढच्या सभेत इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, कायम होईपर्यंत लक्ष ठेवा. आणखी एक, महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार पालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं, आणि तसा प्रस्ताव पालिकेच्याच प्रशासनाकडून शासनाकडे जाऊ शकतो. तुमच्या ठरावावर तसं होईल असं वाटत नाही, पण फाईल नगरविकास खात्याकडे गेलीय का एवढं विचारून ठेवायला काही जात नाही.

आता खरी गोष्ट. ठराव झाला की त्याच्या अंमलबजावणीचं परिपत्रक निघतं, आणि इंजिनिअर, वॉर्ड ऑफिसर, शाळेचे मुख्याध्यापक हे सगळे ठराव वाचत नाहीत, परिपत्रक वाचतात. म्हणजे धोरण दुसऱ्यांदा लिहिलं जातं, या वेळी बंद दाराआड, आणि तेव्हा तुमचा ग्रुप घरी बसलेला असतो. आमच्या एका जुन्या कामातलं सांगते, पालिकेचं नाव घेत नाही. ठरावात वाक्य होतं, 'सर्व सार्वजनिक इमारतींमध्ये रॅम्प बांधण्यात यावेत.' महिनाभराने मी दुसऱ्याच कामाला बांधकाम विभागात गेले होते, तिथल्या लिपिक बाई ओळखीच्या झालेल्या, त्यांनी नस्ती, म्हणजे फाईल, उघडून परिपत्रकाचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. टाईप केलेल्या ओळीच्या वर निळ्या पेनाने बारीक अक्षरात घातलं होतं, 'तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे व निधीच्या उपलब्धतेनुसार टप्प्याटप्प्याने'. खाली बाण काढून ते 'इमारतींमध्ये' आणि 'रॅम्प'च्या मधे बसवलेलं. बाई म्हणाल्या, "अजून फायनल टाईपला गेलं नाहीये मॅडम, सोमवारी जाईल." तो गुरुवार होता.

त्या निळ्या पेनाच्या एका ओळीने सगळ्या रॅम्पची सक्ती संपत होती. आम्ही त्याच संध्याकाळी बसलो आणि ठरवलं की पूर्ण ओळ काढा म्हणायचं नाही, कारण ज्या साहेबांनी ती घातलीय त्यांच्याकडे जुन्या इमारतींच्या खऱ्या अडचणी होत्या आणि त्यांना खोटं पाडून आपलं काम होणार नव्हतं. शुक्रवारी जाऊन सांगितलं, 'शक्य असेल तेथे' राहू दे, पण शक्य नसेल तिथे कार्यकारी अभियंत्याने कारण लेखी नोंदवायचं आणि पर्यायी सोय काय करणार ते त्याच कागदावर लिहायचं. 'टप्प्याटप्प्याने' राहू दे, पण टप्पे म्हणजे कुठली इमारत कुठल्या तिमाहीत ते परिशिष्टात नावानिशी लावा. दोन्ही मान्य झालं, कारण साहेबांनाही पुढे ऑडिटला उत्तर द्यायला ते सोयीचंच होतं. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' मात्र आम्हाला काढता आलं नाही, आणि त्या दोन शब्दांनी आमची पुढची दोन वर्षं खाल्ली, निधी उपलब्धच नाही म्हणून. म्हणून तुमच्याकडे परिपत्रक अजून निघालं नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्याच्यामागे लागा, निघालं असेल तर त्यातले असे शब्द शोधून त्यांच्याखाली रेघा मारा. शक्यतो, यथावकाश, आवश्यकतेनुसार, विचाराधीन, प्राधान्याने. मराठी सरकारी भाषेत नाही म्हणायचे हे सगळे सभ्य प्रकार आहेत.

हे फक्त पालिकेत होतं असं समजू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात कलम ४५ सरळ सांगतं की असलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुगम्य करायच्या, कलम ४४ सांगतं की निकष पाळले नसतील तर नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. कायद्यात हे सक्तीचं आहे. पण २०१७ मध्ये जे केंद्राचे नियम आले त्यातल्या नियम १५ ने ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं त्यांची भाषा शिफारशीची होती, म्हणजे कायदा म्हणतो करायचंच आणि नियम म्हणतो करावं. त्यात सात वर्षं गेली. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा नियम १५(१) मूळ कायद्याशीच विसंगत आहे, आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे निकष करायला सांगितले. रतुरींची याचिका २००५ सालची आहे, ताई. संसदेनं सक्तीचं म्हटलेलं नियमाने ऐच्छिक करून टाकलं तर ते परत सक्तीचं करायला किती मोठं ओझं उचलावं लागतं ते यावरून बघा. या निकालाची प्रत काढून ठेवा, परिपत्रकातल्या 'शक्यतो'ला उत्तर म्हणून तिचाच आधार घ्यायचाय.

व्याख्येचंही असंच. ध्वनी प्रदूषणाच्या नियमात हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरले जायचे. आपल्या ठाण्यातल्याच एका डॉक्टरांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने हे सगळं कडक पाळायला सांगितलं, ठाण्यातल्या लोकांना तो निकाल आठवत असेल. बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियमातच दुरुस्ती केली की सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलंही क्षेत्र शांतता क्षेत्र नाही. डेसिबलची मर्यादा तीच राहिली, दंड तोच, फक्त ती लागू कुठे होते तेच बदललं. तेव्हा तुमच्या धोरणात 'सार्वजनिक इमारत' म्हणजे काय ते बघा. भाड्याच्या जागेतला दवाखाना येतो का, पालिकेनं बांधून संस्थेला चालवायला दिलेलं समाजमंदिर येतं का, सार्वजनिक शौचालय येतं का. जी जागा व्याख्येत नाही ती पुढे कधीच येणार नाही असं धरून चाला.

तुम्हाला वाटत असेल की आमच्या मुलांच्या रॅम्पला विरोध कोण करणार. उघड कोणीच नाही. पण दुसरी बाजू मंजुरीनंतर काय करते ते मोठ्या उदाहरणांवरून शिकून घ्या. सिगरेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत धोक्याचं चित्र छापायची अधिसूचना ऑक्टोबर २०१४ ला निघाली, १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायची होती. तारीख जवळ येताच ती पुढे ढकलली गेली आणि प्रत्यक्षात लागू झाली १ एप्रिल २०१६ ला, म्हणजे एक वर्ष नुसतं तारखेत जिंकलं गेलं. आपल्याकडची प्लास्टिकबंदी घ्या, २३ मार्च २०१८ ची अधिसूचना, एप्रिलमध्येच पाण्याच्या बाटल्यांना सवलत, आणि जूनमध्ये कारवाई सुरू होऊन आठवडा होत नाही तोवर किराणा दुकानातल्या पॅकिंगला सवलत. ज्यांचा धंदा अडकलेला असतो ते मंजुरीच्या दिवशी पेढे खाऊन घरी जात नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रालयात असतात. ते तारीख मागतात, अपवाद मागतात, व्याख्या बदलून मागतात. आपण पण तेच करायचंय, फक्त उलट्या दिशेनं.

आणि तुमच्या बाबतीत दुसरी बाजू म्हणजे कुणी कंपनी नाहीये. ज्या कंत्राटदाराचं टेंडर जुन्या एस्टिमेटवर निघालंय आणि आता रॅम्प घालायचा तर त्याचा खर्च वाढतो तो आहे, ज्या उपअभियंत्याकडे आधीच तीन वॉर्डांचा चार्ज आहे तो आहे, गेटसमोरची पार्किंगची जागा जाईल म्हणून कुरकुर करणारा ऑफिसचा स्टाफ आहे. ही वाईट माणसं नाहीत. पण ही रोज तिथे असतात आणि तुम्ही महिन्यातून एकदा जाता.

आता पैसा, ज्याच्याशिवाय बाकी सगळं कागदावर राहतं. धोरणाच्या नावाने बजेटमध्ये स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं वेगळं खातं, उघडलंय का हा एकच प्रश्न विचारा. लेखाशीर्ष नाही म्हणजे पैसा नाही, तोंडी कितीही सांगितलं तरी. आपल्या महाराष्ट्रानं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण देशाला दिलंय. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात १९७७ ला मंजूर झाला पण लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, म्हणजे मंजुरी आणि अंमल यात अंतर तेव्हाही होतंच. पण वि. स. पागे आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी योजना उभी केली तेव्हा पैशाची सोय वेगळी बांधून ठेवली, खास कर बसवले, तितकीच भर शासनाने घालायची असं ठरवलं. नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो त्याच हमीसाठी सुरू झालेला कर आहे. अर्थमंत्री बदलले, दुष्काळ आले गेले, योजना टिकली, कारण दरवर्षी कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती.

पालिकेत तुम्हाला कर बसवता येणार नाही, पण कॅलेंडर पकडता येतं. खातेप्रमुखांकडून पुढच्या वर्षाच्या मागण्या साधारण दिवाळीच्या आसपास गोळा व्हायला लागतात, आयुक्त बजेट मांडतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहुतेक ग्रुप फेब्रुवारीत निवेदन घेऊन जातात आणि तेव्हा सगळं छापून झालेलं असतं. तुम्ही ऑक्टोबरमध्ये बांधकाम विभागाच्या लेखा शाखेत जा, हातात इमारतींची यादी आणि प्रत्येकीचा ढोबळ खर्च घेऊन, कारण ज्याच्याकडे आकडा आहे त्याचीच मागणी फॉर्ममध्ये भरली जाते. मग जानेवारीत चालू वर्षाच्या बजेटचा सुधारित अंदाज होताना न वापरलेला पैसा इकडून तिकडे फिरतो, तेव्हा परत जा. एक धोका सांगून ठेवते. पालिकांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, आणि रॅम्पचा सगळा खर्च त्या ५ टक्क्यांत टाकायची खात्यांना फार घाई असते. तसं होऊ देऊ नका, तुमच्याच मुलांच्या पेन्शनचे, साहित्याचे, थेरपीचे पैसे सिमेंटमध्ये जातील. इमारत पालिकेची आहे, तिच्या दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून रॅम्प झाला पाहिजे, जसा जिना होतो.

भेटायचं कुणाला. सगळे आयुक्तांची वेळ मागतात आणि दोन महिने वाट बघत बसतात. आयुक्तांना वर्षातून दोनदा भेटा, पुरे. नस्ती जिथून सुरू होते तिथे, म्हणजे लिपिक, कनिष्ठ अभियंता, उपअभियंता इथे तुमची ओळख पाहिजे. टिपणी, म्हणजे फाईलवरचा शेरा आणि प्रस्ताव, तिथे लिहिली जाते, वरचे बहुतेक वेळा त्याखाली सही करतात. त्या टेबलावरच्या माणसाला तुमच्या विषयाचं काही माहीत नसतं आणि विचारायला लाज वाटते, त्याला तुम्ही एका पानात सोपं करून दिलं, निकष काय, उतार किती, दार केवढं, निकालाचा परिच्छेद कुठला, तर तो तेच पान टिपणीत उतरवतो. आम्ही कितीतरी वेळा आमचीच वाक्यं सरकारी कागदावर वाचलीत आणि कुणाला सांगितलं नाहीये, सांगायचंही नाही, श्रेय खात्याचं. आणि एप्रिल-मे आला की बदल्या होतात. दोन वर्षं समजावलेला माणूस एका आठवड्यात दुसरीकडे जातो आणि नवीन साहेब म्हणतात मला विषय समजून घ्यावा लागेल. म्हणून मार्चमध्येच जुन्या साहेबांकडून एका पानाची स्थिती नोंद नस्तीत लावून घ्या, कुठपर्यंत आलंय, काय बाकी आहे, आणि नवीन साहेब आल्या आठवड्यात त्यांना अर्धा तास भेटा, तक्रार घेऊन नाही, ओळख करून द्यायला, जमलं तर एका मुलाला घेऊन.

नस्ती बघण्याबद्दल. शासनाचा २०१८ चा निर्णय आहे की पालिका आणि जिल्ह्यातल्या कार्यालयांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. आधी तिथे जा. मिळालं नाही तर १० रुपयांचा अर्ज, महाराष्ट्रात १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात भाषण लिहू नका, 'ठराव क्रमांक अमुकच्या अंमलबजावणीच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहाराची प्रत' एवढंच लिहा. आणि ही टिपणी आज तुम्हाला बघता येते ती सुद्धा मंजुरीनंतर घरी न बसलेल्या लोकांमुळेच बरं का. माहिती अधिकार कायदा ऑक्टोबर २००५ मध्ये लागू झाला, आणि वर्ष व्हायच्या आत, २००६ मध्ये, टिपण्या त्यातून वगळायची दुरुस्ती केंद्राच्या मंत्रिमंडळानं मंजूर केली होती. अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले, देशभरातल्या लोकांनी पत्रं लिहिली, सभा घेतल्या, आणि सरकारनं ती दुरुस्ती मागे घेतली. कायदा झाला, जिंकलो, म्हणून ते सगळे पांगले असते तर तो निळ्या पेनाचा बदल नंतर सिद्ध करायला आज कुणाकडे काही साधन नसतं.

मोजमाप स्वतः घ्या, याच्यावर मी जरा जास्त बोलते कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते, जाणूनबुजून असो की न कळून. आमच्या पट्ट्यातल्या एका वॉर्ड ऑफिसला रॅम्प झाला, अहवालात 'काम पूर्ण' आलं, फोटोत छान पिवळी रेलिंग. आमच्यातले एक बाबा, स्वतः मेस्त्रीकाम केलेले, टेप आणि पाण्याची पारदर्शक नळी घेऊन गेले, मेस्त्री लेव्हल काढतात तीच. नळीचं एक टोक दाराच्या उंबऱ्याशी धरायला मला दिलं, दुसरं खाली रस्त्याला. पाणी स्थिर झाल्यावर त्यांनी टेप लावली, उंची ४५ सेंटीमीटर. उतार १ ला १२ पाहिजे, म्हणजे ४५ सेंटीमीटर चढायला रॅम्प कमीत कमी ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब पाहिजे. टेप टाकली तर रॅम्प होता १ मीटर ८०, गटाराच्या झाकणापाशी संपलेला, कारण पुढे जागाच नव्हती. म्हणजे १ ला ४. त्यांनी मुलाला व्हीलचेअरमध्ये बसवून वर ढकलून बघितलं, निम्म्यावर पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची मागे कलली, मी आणि वॉचमनने मिळून धरली. वॉचमन म्हणाला, "मॅडम, याच्यावरून आम्ही फक्त पाण्याचे जार नेतो."

ते बाबा कुणावर ओरडले नाहीत. भिंतीच्या कडेनं वळवून दोन टप्प्यांत रॅम्प कसा बसेल ते त्यांनी तिथेच वहीच्या पानावर काढलं, मधे वळायला सपाट जागा सोडून, आणि दुसऱ्या दिवशी उपअभियंत्यांना नेऊन दिलं. तो नकाशा पुढे प्राकलनाला, म्हणजे एस्टिमेटला, जोडला गेला. त्या एका पानानं जे झालं ते आमच्या आधीच्या अकरा निवेदनांनी झालं नव्हतं. तुमच्या प्रत्येक इमारतीचं असं एक पान करा. रॅम्पची उंची-लांबी, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर आहे का, टॉयलेटचं दार बाहेर उघडतं का, आत खुर्ची वळते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुलूप कुणाकडे असतं. कारण अर्धी दिव्यांग टॉयलेट्स झाडू-बादल्या ठेवायला वापरली जातात आणि अहवालात ती 'उपलब्ध' असतात. पुढे 'किती टक्के काम झालं' हा आकडा खातं सांगेल, तेव्हा तुमच्याकडे तुमचा आकडा पाहिजे, मोजलेला, तारखेसकट.

बरं दिसतं का, या प्रश्नाचं उत्तर. लॉबिंग हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे कारण त्याच्या पोटात पाकीट असेल असं लोकांना वाटतं. भारतात लॉबिंगसाठी वेगळा कायदा नाही, नोंदणी नाही, पण आपल्या मागणीसाठी अधिकाऱ्याला भेटणं, कागद देणं, पटवणं यात गैर काहीच नाही, तो तुमचा हक्क आहे. पाकीट मात्र कधीच नाही, चहापाण्याच्या नावानंसुद्धा नाही, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एकदा दिलं की तुमच्या मुलांचा हक्क हा विकत घ्यायचा माल होतो. साहेब नाराज होतील ही भीती खरी आहे, मला आजही वाटते. त्यावर माझा उपाय एवढाच की पहिल्यांदा झालेल्या कामाचं लेखी कौतुक करायचं, नाव घेऊन, वरच्या साहेबांना प्रत देऊन, आणि मग उरलेल्याची यादी द्यायची. ज्या इंजिनिअरनं तो रॅम्प वळवून बांधला त्यांच्यासाठी आम्ही आयुक्तांना पत्र लिहिलं होतं, पुढच्या तीन इमारतींना त्यांनी आम्हाला स्वतः फोन करून बोलावलं.

नगरसेवक कुठल्याही पक्षाचा असो, त्याला वॉर्डातली यादी द्या, उद्घाटन त्यालाच करू दे. आमदारांकडे गेलात तर 'लक्ष घाला' म्हणू नका, नेमका तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लिहून न्या, कारण सभागृहात मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे जातं आणि तिथे खात्याला उत्तर द्यावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन वापरा, तिथे अर्जाला नंबर मिळतो. कोर्ट अगदी शेवटी. मी दोन वेळा गेलेय, दोन्ही वेळा गरज होती, पण केस चालू झाली की टेबलावरचा माणूस बोलायचा बंद होतो, "मॅटर कोर्टात आहे" म्हणतो, आणि सगळी छोटी कामं थांबतात. जायचंच झालं तर रतुरी निकाल आणि तुमची मोजमापाची पानं, एवढं पुरेल.

ग्रुपमधल्या ज्यांना थांबायचंय त्यांना थांबू दे, रागावू नका, त्यांनी दोन वर्षं दिलीत आणि घरी त्यांचीही मुलं आहेत. मोर्च्याला साठ माणसं लागतात, या कामाला पाच-सहा पुरतात पण तीच ती लागतात. एक नस्ती सांभाळणारी, एक पैशाचं बघणारी, एक-दोन मोजणारे, आणि एक सगळं वहीत लिहिणारी, कधी गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे तसाच ठेवा, महिन्यातून एकच मेसेज टाका, या महिन्यात कुठल्या इमारतीचं काय झालं, म्हणजे साठ माणसं लागतील त्या दिवशी ती असतील.

येत्या सोमवारी दुपारी ३ वाजता दोघी जणी बांधकाम विभागात जा, ठराव क्रमांक कागदावर लिहून न्या आणि परिपत्रकाची नस्ती बघायला मागा. मसुदा अजून टाईपला गेला नसेल तर शांतपणे पूर्ण वाचून काढा, पेनानं वर घातलेलं सुद्धा, आणि त्याच संध्याकाळी ते शब्द जसेच्या तसे इथे लिहा, मी बघते.